मोकळी मूठ

आमच्या लग्नाआधी सोमेश्वर बदनापूरच्या वळणावर मोटरसायकलवरून पडला. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी मस्तगडच्या राधेश्याम मिस्त्रीकडून गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये एक खुंटी बसवून घेतली. ॲक्सिलरेटरची मूठ अर्ध्यावर अडायची. कितीही पिळा, गाडी जोर धरायची नाही. मित्र म्हणायचे, सोम्या, उतर, आम्ही ढकलत नेतो. मी मात्र त्या खुंटीच्या भरवशावरच मागे बसत आले.

आमची शालू वर्षाची झाली आणि सासऱ्यांनीच ती खुंटी काढायला सांगितली.

"मामा, राहू द्या ना," चहा देताना मी म्हटलं.

"आता कशाला? लेकराचा बाप झाला तो. लेकरू झालं की माणसाचा हात आपोआप आखडतो."

"तुमचा कुठं आखडल्ता?" सासूबाई आतून म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

या घरात गाडीचं मोठं काम केलं की पहिली फेरी राजूरच्या गणपतीला, आणि घरातलं धाकटं लेकरू पुढे टाकीवर. त्याचे पाय टाकीला लागले की गाडी लाभते म्हणतात. मी बी.एस्सी. झाले आहे. अंगावर लेकरू नसताना अशा गोष्टींवर वाद घालता येतो. त्या सकाळी सासूबाईंनी शालूला टाकीवर ठेवून हळदकुंकू लावलंसुद्धा. मी माझी ओढणी तिच्या पोटावरून घेऊन सोमेश्वरच्या पाठीमागे गाठ मारली.

"मला बांधून ठेवली का तिला?" तो हसला.

गाव सुटलं तशी त्याने मूठ पिळली. गाडी अंगाखालून निसटल्यासारखी पुढे झेपावली. सळया लादलेला ट्रक समोर होता, तो बाजूला झाला, मागे गेला. सोमेश्वरच्या पाठीमुळे मला शालू दिसत नव्हती, फक्त वाऱ्याने फडफडणारा टोपीचा बंद दिसत होता.

"अहो, सावकाश."

"पाह्य की, हसून राह्यली ती."

ती हसत होती की रडत होती, वाऱ्यात कळत नव्हतं. माझा हात त्याच्या कमरेवरून पुढे गेला, तरी गाठीपर्यंतच पोचला. पुढे आणखी एक ट्रक. सोमेश्वर पुढे वाकला. भीती वाटते म्हटलं तर तो जास्त पळवतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्याच्या कानाशी ओरडले,

"थांबवा. मला दिवस गेलेत."

असं काही नव्हतं.

गाडी फाट्यावर थांबली. त्याचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. "बिलकुल बोलली न्हाईस. मंग अशात गाडीवर बसायचं असतंय का?" समोर राजूरची काळी-पिवळी जीप भरत होती. एका हाताने शालूला पोटाशी धरून त्याने मला हाताला धरून जीपमध्ये मधल्या सीटवर बसवलं. माझ्या दोन्ही बाजूंना बाया सरकल्या.

"शालूला द्या माझ्याकडे."

"फेरी अर्धवट सोडायची? पाय टाकीवरच पाह्यजेत तिचे. दर्शनाला भेटूच."

"द्या म्हणते ना."

खिडकीजवळची म्हातारी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पोटुशीनं जड लेकरू मांडीवर घेऊ न्हाई, बाई. बापाजवळ र्‍हाऊ दे." दुसरीने मान हलवली. तुला कितवा, म्हणून विचारलंही.

खोटं होतं म्हणावं, असं तोंडापर्यंत आलं. त्या दोघींकडे, उन्हात उभ्या त्या हसऱ्या माणसाकडे बघून ते परत खाली गेलं. तेवढ्यात शालूला पुन्हा टाकीवर ठेवून त्याने गाठ घट्ट केली, तिचा हात धरून मला टाटा करायला लावला आणि गाडी रस्त्यावर घेतली. मला दिसेपर्यंत अगदी सावकाश चालवली.

"दादा, निघा ना," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"अजून दोन सीटा बाकी हायेत, ताई."

मी उठू गेले, तर म्हातारीने प्रेमाने खाली दाबलं. वळणापलीकडे इंजिनाचा आवाज चढत गेला.