आतल्या माणसाची किल्ली

बाबा गेल्यावर त्यांच्या विम्यावर धाकट्या भावाचं नाव निघालं. मधल्याने ही बातमी आणली तेव्हा ताईने एवढंच विचारलं, चहात साखर किती घालू. त्याला किती साखर लागते हे ती लहानपणापासून जाणून होती, पण तोंडाला काहीतरी काम हवं होतं.

मधला कारखान्यात हिशेबनीस. घरातल्या माणसांकडेही तो जमा-खर्च पाहिल्यासारखा पाहायचा. बाबांचं दुखणं कोणी काढलं? खालचं किल्ल्यांचं दुकान कोणी सांभाळलं? ताईने. आणि आई गेल्यावर बाबांनी विम्यावरचं नाव बदललं ते कोणाच्या नावावर? दार आपटून गेला त्याच्या. सगळ्यांत वाटणी झाली तर त्यालाही काही मिळणार होतं, पण ते त्याने माणूस आपलं वजन सांगतो तसं हळूच सांगितलं.

कोणी लेखी हरकत घेतली तर पैसे अडवून ठेवू, असं विमा कचेरीने कळवलं होतं. हरकत त्याने टाइप करूनच आणली होती. सही ताईची हवी होती.

ताईला पैसे नको होते असं मुळीच नाही. दुकानाचा मालक नव्या करारासाठी अनामत मागत होता, आणि त्या दुकानात किल्ल्या कापता कापता तिचे केस पांढरे झाले होते. दुकान गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न होताच. पण रात्रंदिवस बोचत होतं ते दुसरंच. बाबांनी शेवटी आपल्याला हिशेबात धरलं होतं की नाही?

बाबांची एक रीत होती. घरातून जो बाहेर पडेल त्याला घराची किल्ली कापून द्यायची. मधला लग्नानंतर वेगळा झाला, तेव्हा त्याचं सामान बांधून व्हायच्या आत किल्ली तयार होती. ताईने एकदा स्वतःसाठी मागितली, तर हातातली कानस न थांबवता बाबा म्हणाले, "तू आतच असतेस. तुला कशाला?" त्यात घराचं कुलूप सारखं बदलायची त्यांना खोड. किल्लीवाल्याच्या दाराला जुनं कुलूप म्हणजे त्यांना अब्रू गेल्यासारखं वाटे. दर वेळी मधल्याला नवी किल्ली जायची. धाकट्याचं नाव निघायचं नाही. दुकानात बसायचं नाकारून तो ट्रक चालवायला गेला, तेव्हापासून बापलेकांत अबोला होता. अंत्यसंस्काराला आला, तोही तिथून परस्पर निघून गेला.

ताईने पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्याची किल्ली टेबलावर होती, बाबांची खुंटीवर. आणि हे कुलूप तर बाबांनी आजारी पडण्याच्या थोडं आधी बसवलेलं. दार उघडलं आणि धाकटा आत आला, कानशिलांवरचे केस पिकलेला, चौकटीतून वाकून.

"ही किल्ली तुझ्याकडे कशी?" ताईने विचारलं.

त्याने कुलपातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "कुलूप बदललं की डेपोत पाकीट यायचं. आत नुसती किल्ली, चिठ्ठी नाही. मला वाटायचं, तू पाठवतेस."

ताईने नकारार्थी मान हलवली.

"टपालाचा खर्च मला कधी दिसला नाही तो," मधला पुटपुटला.

विम्याचं पत्र मिळाल्यावर आधी पत्ता चुकला असं वाटलं, धाकटा सांगत होता. मग त्याने सगळ्या किल्ल्या काढून पाहिल्या. "बाहेर जो असेल त्याचीच त्यांना काळजी, ताई. तुझी वाटत नसेल. तू समोर होतीस."

"नसेल वाटत," ताई म्हणाली. "पण पिल्लू, तुला बाहेर जायचंय का, असं मला कधी कोणी विचारलं का रे?"

मधल्याने रिकाम्या कपात पाहिलं. धाकट्याने जुडग्यातली नवी किल्ली सोडवून तिच्या तळहातावर ठेवली.

"तुझी नको मला," ती म्हणाली. "माझी मी कापेन. नमुन्याला घेते फक्त."

तिघं खाली दुकानात उतरली. तिने यंत्राच्या एका चिमट्यात त्याची किल्ली अडकवली, दुसऱ्यात कोरी. पितळेचा कीस सांडू नये म्हणून बाबा यंत्राखाली कागद अंथरायचे. तिने मधल्याकडे हात केला.

"अगं, हा हरकतीचा आहे."

"तोच दे. चांगला जाड आहे."

त्याने दिला, आणि बाबा अंथरायचे तसा कडा मुडपून स्वतःच अंथरला.

यंत्र थांबल्यावर धाकटा म्हणाला, आधी दुकानाची अनामत भरू, उरेल त्याचे तीन वाटे करू.

"उरेल त्यावर मग सावकाश भांडू," मधला म्हणाला.

"भांडायला इथेच यायचं," ताई म्हणाली, आणि दोघांना वर पिटाळलं.

मागोमाग ती चढली आणि बंद दाराबाहेर थांबली. नवी किल्ली कुलपात जरा अडली. बाहेर काढून तिने एका दातावरून हलकेच कानस फिरवली, फुंकर मारली, पुन्हा घातली. किल्ली फिरली.

"कोण आहे?" आतून मधल्याने विचारलं.

"मी," ती म्हणाली, आणि दार ढकलायच्या आधी थोडा वेळ तशीच बाहेर उभी राहिली.