नावाची राखण

"नाव टाकून काय काय आलं ते वरपासून वाच," तो म्हणाला.

फोनच्या पलीकडे ताईने घसा साफ केला. तीस वर्षे दुसरीच्या वर्गाला शिकवलेली बाई, वाचायला सांगितले की आधी घसा साफ व्हायचाच. "पहिलं, तुमच्या कंपनीचं. दुसरं, तेही तुमचंच. तिसरं, कुणीतरी पडदे विकतंय, त्याचा काही संबंध नाही. चौथं, मशीन दुरुस्तीचं दुकान."

"आणि 'जाहिरात' असं कशावर लिहिलंय?"

"पहिल्यावर फक्त."

त्याने वहीत ताईच्या शहरापुढे 'नाही' असे लिहिले. सव्वाआठ होऊन चार मिनिटे झाली होती. ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर अजून कुणी आले नव्हते. खाली अंगणात मशीनची खोकी टेम्पोत चढत होती, आणि प्रत्येक खोक्यावर ते नाव होते ज्याची राखण करण्याचा त्याला पगार मिळत असे.

शिलाई मशीन बनवणाऱ्या त्या कंपनीत तो एकवीस वर्षे होता. आधी पत्रव्यवहार बघायचा. मग मशीन इंटरनेटवर विकली जाऊ लागली आणि त्याच्याकडे हे काम आले. ऑफिसात त्याला सगळे पहारेकरी म्हणत. जिन्यात कुणी भेटले की विचारत, "काय पहारेकरी, नाव आहे ना जागेवर?" तो म्हणे, "सकाळपर्यंत तरी होतं." अकरा वर्षे हा विनोद चालू होता आणि त्याला कुणी कंटाळले नव्हते.

ताईला काम समजावून सांगताना त्याची पहिल्या दिवशी बरीच दमछाक झाली होती. कंपनीचे मशीन आपल्या वेबसाइटवरून सुचवणारी शेकडो माणसे असतात. त्यांनी दिलेली लिंक दाबून कुणी मशीन घेतले की त्यांना कमिशन मिळते. कंपनीच्या कागदात त्यांना अ‍ॅफिलिएट म्हणत. तो ताईपाशी 'लिंकवाले' म्हणे. लिंकवाल्याने शिवण शिकवावी, मशीनची तुलना करावी, काय हवे ते करावे. फक्त कंपनीचे नाव वापरून पैसे देऊन जाहिरात लावायची नाही.

"का पण?" ताईने विचारले होते. "गिऱ्हाईक तर तुमच्याकडेच पाठवतात ना?"

"समज, तू दुकानाकडे निघालीस. नाव ठाऊक आहे, रस्ता ठाऊक आहे, पायरीवर पाय ठेवलास. तेवढ्यात दारात उभा असलेला एकजण तुझा हात धरतो, आत नेतो आणि मालकाला सांगतो, 'ह्यांना मी आणलं.'"

"लबाड आहे की मग," ताई म्हणाली होती. तेव्हापासून तिला काम समजले असे त्याने धरले होते.

लबाडांची आणखी एक युक्ती होती. कोणती जाहिरात कोणत्या शहरात दिसावी हे ठरवता येते. पक्का लबाड कंपनीचे मुख्य ऑफिस असलेले शहर तेवढे वगळतो. मग पहारेकरी आपल्या खुर्चीत बसून दिवसभर शोधत राहिला तरी त्याला काही दिसत नाही. म्हणून बाहेरच्या शहरांतून कुणीतरी बघावे लागे. तीन शहरांत कंपनीची जुनी माणसे होती. चौथ्या शहरात त्याला ताईखेरीज कुणी आठवले नाही.

खरे तर ताई आठवायलाही अवघड होती. दाजी आजारी होते तेव्हा त्याने वर्षअखेरचे काम संपले की येतो असे तीनदा कळवले होते. तो पोहोचला तेव्हा दाजींचा पलंग भिंतीला उभा लावून ठेवलेला होता. ताई काही बोलली नाही. त्यानंतर तीन वर्षे काहीच बोलली नाही. मग एका सकाळी त्याने कामाचे निमित्त करून फोन केला आणि ताईने तो उचलला. त्यालाही आता चार वर्षे झाली होती. शोधायला एक मिनिट लागे. फोन दहा मिनिटे चाले. उरलेल्या नऊ मिनिटांत पाणी, गुडघे, शेजारी आणि त्याच्या मुलीची परीक्षा एवढे सगळे बसायचे.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ताईने घसा साफ केला, "पहिलं, तुमचं," असे म्हणाली आणि थांबली.

"दुसरं?"

"अगंबाई," ती म्हणाली. मागे तिच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"ताई, नेट गेलं का?"

"छोट्या, दुसऱ्यावर 'जाहिरात' लिहिलंय. आणि ते मी लिहिलंय."

पुढचे तिने शाळेतल्या मुलाने कबुली द्यावी तसे सांगितले. न रडता, क्रमाने. तिच्या समोरच्या खोलीत शिवणकाम करणारी बाई राहत होती. सगळी गल्ली तिला मशीनवाली म्हणे. फोन खुर्चीला बांधून ती शिवणाचे धडे चित्रित करायची आणि लोकांना दाखवायची; खाली कंपनीच्या मशीनची लिंक असे. लोक बघायचे आणि जायचे, मशीन कुणी घ्यायचे नाही. रविवारी दोघी तिची जाहिरात लिहायला बसल्या. ताई म्हणाली, आडून आडून काय लिहितेस, मशीनचं नाव ठळक लिही, म्हणजे ते नाव शोधणाऱ्या बायका तुझ्यापाशी येतील. आणि पैसे घालून जगभर कशाला दाखवायचं? तुला तोंडओळखीने जाणणाऱ्या बायका आपल्याच शहरात आहेत, तेवढ्यांना दाखव. मशीनवालीने तसेच केले. सोमवारी जाहिरात दिसली नाही. आज दिसली. ताईने फोन हातात घेतला तेव्हा त्याला कौतुकाने वाचून दाखवण्याच्या बेतात ती होती. वाचायला तोंड उघडले आणि मग तिला दारातला तो माणूस आठवला.

"मला वाटलं, हिची लिंक सरळ तुमच्याच दुकानात जाते. ही खोटं काहीच बोलत नाही. मग ही त्यांच्यातली कशी?"

त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर नाव टाकून पाहिले. जाहिरात दिसली नाही. दिसणार नव्हतीच, आणि सगळा घोटाळा तिथेच होता. जाहिरात सगळीकडे दिसली असती तर नियमाप्रमाणे पहिली चूक, एक ताकीद, विषय संपला. पण बाहेर दिसते आणि मुख्य ऑफिसच्या शहरात दिसत नाही, म्हणजे कंपनीपासून लपवली. वहीत त्यासाठी वेगळा रकाना होता. त्या रकान्यात ताकीद नव्हती, लिंक थेट बंद. ताईने शेजारणीचा खर्च वाचावा म्हणून सांगितलेली गोष्ट कंपनीच्या वहीत पक्क्या लबाडाची खूण होती.

"ताई, ऐक," तो खालच्या आवाजात म्हणाला. खोलीत कुणी नव्हते तरी. "पुराव्याचा फोटो काढू नकोस. समोर जा आणि तिला आत्ताच्या आत्ता बंद करायला सांग. मी आज 'नाही' लिहितो."

"आणि उद्या दुसऱ्या कुणाचं दिसलं तर? ते वाचायचं ना?"

त्याची नजर खिडकीशेजारच्या फाइलींच्या कपाटाकडे गेली. गेल्या वर्षी सुटे भाग विकणाऱ्या एकाला त्याने याच रकान्यात घातले होते. त्या माणसाने तीन ओळींचे पत्र पाठवले होते: माझी गिऱ्हाइके माझ्याच शहरात आहेत म्हणून तेवढ्यापुरती जाहिरात लावली, लपवण्याचा हेतू नव्हता. पहारेकऱ्याने पत्राच्या कोपऱ्यात 'कारण पटत नाही' असे लिहून फाईल बंद केली होती. त्या दिवशी तो वेळेवर घरी गेला होता, हेही त्याला आठवले.

हे त्याने ताईला सांगितले. का सांगितले ते त्याला नंतरही कळले नाही. न सांगता फोन ठेवला असता तर भागले असते.

ताई म्हणाली, "मग फोटो पाठवते." आणि फोन ठेवला.

फोटो आला तो अगदी सरळ, त्यावर वेळ आणि शहर दोन्ही स्पष्ट. इतका चांगला पुरावा तिन्ही जुन्या माणसांनी चार वर्षांत पाठवला नव्हता.

त्याच्या विभागाची मॅडम वयाने त्याच्या निम्मी होती आणि स्वभावाने वाईट नव्हती. तिने त्याचे दोन पानी टिपण पूर्ण वाचले. त्यात त्याने ही जाहिरात कशी लागली, कुणाच्या सांगण्यावरून लागली आणि ती सांगणारी आपली सख्खी बहीण आहे, हे सगळे लिहिले होते. शेवटी विनंती होती, की गेल्या वर्षीची ती फाईलही उघडावी आणि दोघांना ताकीद देऊन सोडावे.

"काका, सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणतात. त्यातले काही खरे असतील."

"असतील ना. पण मनात काय होतं ते आपल्याला दिसत नाही. जाहिरात कुठे दिसली आणि कुठे नाही, तेवढंच दिसतं." तिने टिपण परत त्याच्याकडे सरकवले. "एकाला सोडलं तर नाव राखायचं कशाच्या जोरावर? आणि बहिणीचं नाव यातून काढा. तुमच्यासाठीच सांगतेय."

त्याने ते काढले नाही. टिपण फाईलला लागले, सही झाली, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी मशीनवालीची लिंक बंद झाली. तिला पाठवायचे पत्र ठरलेल्या नमुन्याचे होते. 'जाणीवपूर्वक' हा शब्द त्यात दोनदा येत असे. त्याने तो एकदाही बदलला नाही. तसा अधिकार त्याला नव्हता.

बुधवारी सव्वाआठला फोन लागला नाही. गुरुवारी वाजला, उचलला नाही. शुक्रवारी त्याने केलाच नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने तो निघाला.

ताईच्या दाराला कडी होती. समोरचे दार उघडे होते आणि आतून मशीनचा आवाज येत होता. ताई तिथेच होती, जमिनीवर बसून कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत होती. त्याला बघून ती उठली नाही. "हा माझा भाऊ," एवढे मशीनवालीला म्हणाली.

मशीनवाली पन्नाशीची, बारीक चणीची बाई होती. तिने पायडलवरून पाय काढला, स्टुलावरची कात्री उचलली आणि त्याला बसायला जागा दाखवली. गाडीत त्याने पुष्कळ काही जुळवून ठेवले होते. त्यातले अर्धे त्याने सांगितले. पत्रातला तो शब्द आपला नाही, तेही सांगितले. त्याचे संपले तेव्हा मशीनवाली म्हणाली, "मी काय चोरलं, भाऊ? भांडत नाही, विचारतेय. मला समजू द्या."

त्याने दुकानाच्या पायरीची गोष्ट पुन्हा सांगितली. ह्या वेळी सांगताना ती त्याला स्वतःलाच जरा लंगडी वाटली. पण मशीनवालीने मान हलवली.

"समजलं. बरोबर आहे तुमचं. मी दारात उभी राहिले. ठाऊक नव्हतं की ते तुमचं दार आहे." मग तिने विचारले, "मुलींना शिकवताना तोंडाने नाव घेतलेलं चालतं का?"

"चालतं की."

"आणि धड्यात मशीन दिसतं, त्यावर लिहिलेलं?"

"चालतं. त्याला कुणी काही म्हणणार नाही. मशीन तुमचं आहे."

ताई चिंध्यांकडे बघत म्हणाली, "छोट्या, मी आता सकाळचं बघणार नाही. दुसरं माणूस शोध. तू केलंस ते चूक नव्हतं, आणि फोटो मीच पाठवला. पण मला हिच्या समोर राहायचंय."

"बरं," तो म्हणाला. आणखी काही म्हणावे असे त्याला वाटले. पण सकाळच्या फोनवर कामाचे एक मिनिट नसेल तर बाकीच्या नऊ मिनिटांचे काय, हे अशा ठिकाणी विचारता येण्यासारखे नव्हते.

मशीनवालीने खणातून काळ्या कापडी पट्टीचे भेंडोळे काढले. मशीनच्या आडव्या मानेवर सोनेरी अक्षरांत नाव होते. इतक्या वर्षांच्या पुसण्याने त्याची कड झिजली होती. तिने टेपने लांबी मोजली, पट्टी कापली, मागे खळ लावली.

"अहो, कशाला? चालतं म्हटलं ना मी."

"चालतं हो. पण नको." तिने पट्टी अक्षरांवर ठेवली आणि अंगठ्याने डावीकडून उजवीकडे दाबत नेली. एक टोक उचलत होते. ताईने पुढे सरकून त्यावर बोट धरले. दोघी खळ सुकेपर्यंत तशाच राहिल्या.

मग मशीनवालीने फोन खुर्चीला बांधला, ओढणी सारखी केली आणि बटण दाबले. "आज आपण बाही बसवायला शिकू," ती फोनकडे बघून म्हणाली. "मशीन कुठलंही असू दे. टाका मात्र बारीक ठेवायचा."

तो निघण्यासाठी उठला. ताईने त्याच्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवले. तो परत स्टुलावर बसला. पायडल सुरू झाले, आणि धडा संपेपर्यंत त्या खोलीत मशीनवालीशिवाय कुणी बोलले नाही.