काकाची गाठ

आत्या सुतळीचा तुकडासुद्धा जपून ठेवणारी. पण कपडे वाळत घालायची दोरी बदलताना ती जुनी दोरी सरळ कात्रीने कापायची. मला चोंबड्याला राहवेना.

"अगं, गाठ सोड की! अख्खी दोरी कामाला येईल."

"तुझ्या काकाने शिकवलेली गाठ आहे ती. बोटीवर जायच्या आदल्या दिवशी."

काका म्हणजे तिचा धाकटा भाऊ. खलाशी होता; एकोणिसाव्या वर्षी युद्धात जहाजासकट बुडाला.

मी गाठ निरखून पाहिली. एक टोक ओढलं की सुटेल, इतकी साधी.

"आत्या, हे तर सोपं..."

"हात लावू नकोस!" ती कडाडली. मग नवी दोरी बांधत पुटपुटली, "सोडायची कशी, ते आल्यावर शिकवतो म्हणालाय."