सिस्टरांचं कॉलेज

"ताई, तुमची खोली मी पिवळ्या रंगाने रंगवून घेतलीय," परदेशातून धाकटी जाऊ फोनवर सांगत होती. "बाळाच्या खोलीला अगदी लागून. म्हणजे ते उठलं की तुम्हाला लगेच ऐकू येईल."

फोन जेवणाच्या टेबलावर मधोमध होता. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला कॉलेजात जाणारी लेक आणि समोर सिस्टर. हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात उमेदीची सगळी वर्षं गेल्यामुळे अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणायची.

"रात्री उठतं का ते?" सिस्टरांनी विचारलं.

"त्याचा काही नेम नाही हो! पण तुमचं कॉलेज दुपारचंच ना? मधला वेळ आम्ही कसंही निभावून नेऊ."

लेकीने टेबलाखालून आईच्या पायावर पाय दिला.  सिस्टरांचं ताटातलं जेवण तसंच राहिलं.

परदेशी शिकायला जायचं हे खूळ डोक्यात कधी शिरलं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक बाई कळा देत होती आणि डॉक्टर बाहेर कुणाशी तरी बोलत उभे होते. बाईने सिस्टरांचं मनगट घट्ट धरलं. "तुम्हीच मोकळी करा ना मला," म्हणाली. "मला परवानगी नाही गं," असं सिस्टरांना म्हणावं लागलं. पुढे डॉक्टर आले, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली. ते वाक्य मात्र सिस्टरांच्या घशात अडकलं. नवरा गेल्यावर घर सावरताना त्यांनी पुष्कळ काही गिळलं होतं. हे काही केल्या खाली उतरेना.

म्हणून त्या परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या ऑफिसात गेल्या. तिथल्या टायवाल्या तरुणाने धाकट्या दिराच्या शहरातलं मोठं विद्यापीठ काढून दाखवलं. "नाव मोठं, शिवाय घरचे लोक तिथे. हॉस्पिटल मॅनेजमेंट करा, मॅडम. या वयात अंगमेहनत कशाला?"

"तिथे बाळंतपणं करायला शिकवतात?"

तरुणाने स्क्रीनकडे पाहिलं.  "तिथे ती... मॅनेज करायला शिकवतात, मॅडम."

सिस्टर घरी येऊन लेकीपुढे हे बोलून दाखवतात तोच ती हसत सुटली. आणि हसता हसता कामाला लागली. रोज संध्याकाळी दोघी डोक्याला डोकं लावून एकेक कॉलेज बघायच्या. कुठे वयाची अट, कुठे नुसतीच चकचकीत इमारत. शेवटी त्याच देशात, पण पार उत्तरेकडचं एक लहानसं कॉलेज सापडलं. तिथे मिडवाइफरी, म्हणजे सुईणीचंच शिक्षण होतं, आणि शिकणाऱ्या बायका स्वतःच्या हातांनी बाळंतपणं करत होत्या.

व्हिडिओवर मुलाखत घ्यायला पांढऱ्या केसांची एक बाई होती. तिने विचारलं, "समोरच्या बाईला तुमची भाषा येत नाही. कळा सुरू आहेत. तुम्ही काय बोलाल?"

"काही नाही," सिस्टर आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "आधी तिच्याशेजारी बसेन."

बाईने समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. "आमचं गाव फार आडबाजूला आहे. थंडीने लोक हैराण होतात. मागच्या वर्षी दोघी कोर्स सोडून गेल्या."

"मी नाही जायची. इथून निघायलाच मला इतकी वर्षं लागलीत."

होकार त्याच आठवड्यात आला. घरात सगळे दिराच्या शहरातलं विद्यापीठच धरून चालले होते. खरं काय ते सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि आज पिवळ्या खोलीने ते सोपं करून टाकलं.

"भाऊजी, तुम्ही पण ऐकताय ना?" सिस्टरांनी फोन जवळ ओढला. "मी तुमच्याकडे येत नाहीये. दुसरं कॉलेज ठरवलंय मी."

 पलीकडून दिराचा आवाज आला. "वहिनी, तिथे आपलं कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणजे अभ्यास होईल."

"मी तुमच्या खर्चाची हमी देणार होतो. तुम्ही आमच्याकडे येणार म्हणून. हे लक्षात आहे ना?"

"आहे. नका देऊ. माझा प्रॉव्हिडंट फंड आहे."

"अहो, पण बाळाचं..."

"बाळाला आई आहे, बाप आहे. मी शिकायला निघालेय, भाऊजी. बाळ सांभाळायचं असतं तर तसं सरळ विचारायचं होतंत. मी सरळ नाही म्हटलं असतं."

फोन बंद झाला. सासूबाई ताट अर्धवट टाकून उठल्या. "स्वतःच्या पुतण्याला बघायला नको, आणि जगाची बाळंतपणं करायला निघाली!"

त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी अबोला धरला. सिस्टर समोर बसलेल्या असल्या तरी नातीला सांगायच्या, "तुझ्या आईला म्हणावं, दूध उतू चाललंय." सिस्टर उठून गॅस बंद करायच्या आणि लेकीला सांगायच्या, "आजीला म्हणावं, केला." मधल्या मधे लेक हैराण. दिराने फोन करणं सोडलं. हॉस्पिटलातल्या मेट्रनबाईंनी राजीनामा दोनदा परत केला. तिसऱ्यांदा सिस्टरांनी तो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि परत न्यायला हातच पुढे केला नाही.

निघायच्या दिवशी सिस्टर वाकून पाया पडल्या. सासूबाईंनी डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. लेक एक बॅग घेऊन आधीच खाली टॅक्सीपाशी पोहोचली होती. दुसरी ओढत सिस्टर जिन्यापर्यंत आल्या, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी दार उघडलं.

"निघाली वाटतं सून?" काकू सासूबाईंना विचारत होत्या. "धाकट्याकडे ना? बरं झालं बाई, बाळाला हक्काचं माणूस मिळालं."

सिस्टर एक पायरी उतरून थबकल्या. मागे वळून बघायचा धीर त्यांना झाला नाही.

"कुणाकडे नाही," सासूबाईंचा आवाज आला. चिडलेला, घोगरा, पण सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल असा. "कॉलेजात चाललीय ती. स्वतःच्या."

मग दार लागल्याचा आवाज झाला. सिस्टरांनी पदराने डोळे पुसले, बॅग दोन्ही हातांनी उचलून धरली आणि एकेक पायरी करत त्या खाली उतरू लागल्या.