साडूचा टॅग

आमच्या घरातली एकेक वस्तू माझ्या धाकट्या साडूच्या घरून आलेली आहे. सोफा त्याचा, फ्रिज त्याचा, ज्या पंख्याखाली बसून मी त्याच्या नावाने बोटं मोडतो, तो पंखाही त्याचाच. तो नवीन आणतो, जुनं आमच्याकडे पाठवतो आणि बायको बहिणीला फोन करून म्हणते, "अगं, अगदी नव्यासारखं आहे गं!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आता पाळी वॉशिंग मशीनची होती. रविवारी येणार म्हणे. मी ठणकावून सांगितलं, "मुळीच नाही. मी नवीकोरी आणणार." दुकानात एक बघूनही ठेवली होती, काचेच्या झाकणाची.

"आणि पैसे?"

"क्रिप्टोतून!"

थाप नव्हती ही. मी घड्याळं दुरुस्त करतो. परदेशातल्या एका हौशी गिऱ्हाइकाचं जुनं घड्याळ चालू करून दिलं, तर त्याने मजुरी म्हणून क्रिप्टोची कॉईन पाठवली. ती मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये पडून होती. विकायची तर आधी एक्स्चेंजच्या, म्हणजे कॉईनच्या बाजारातल्या, खात्यात भरावी लागतात. आणि हा उद्योगसुद्धा साडूमहाराजांनी माझ्याआधी करून टाकला होता. वर स्क्रीनचा फोटो घरच्या ग्रुपवर: 'इतकं सोपं असतं!' सासूबाईंनी अंगठ्यांची रांग लावली. मी माझ्या कॉईनची बातमी टाकली तेव्हा त्यांचा अंगठा दुखत असावा.

"धाकटीच्या नवऱ्याला विचारून करा ना," बायको म्हणाली.

"त्याला? मेलो तरी नाही!"

माझ्या घड्याळाच्या दुकानात कॉम्प्युटरवर एका बाजूला माझं खातं उघडलं, दुसऱ्या बाजूला त्याचा तो फोटो. आमच्या धंद्याची रीतच आहे. बंद घड्याळाशेजारी तसंच चालू घड्याळ ठेवायचं, फरक दिसला की दोष सापडला. कॉईन कुठे पाठवायची त्याचा पत्ता म्हणजे अक्षरांची ही लांबलचक माळ. डोळ्याला भिंग लावून ताडून पाहिलं. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं. खाली टॅग म्हणून एक आकडा होता, तो तेवढा वेगळा. झालं, सापडला दोष! त्याची कॉईन सुखरूप पोचली होती, म्हणजे आकडा त्याचाच बरोबर. 'लेकाचा आकडासुद्धा माझ्यापेक्षा बरा,' असं पुटपुटत मी तो वॉलेटमध्ये टाकला आणि बटण दाबलं.

वॉलेट रिकामं झालं. खातंही रिकामंच राहिलं. एक्स्चेंजला फोन लावला.

"सर, पत्ता सगळ्या ग्राहकांना एकच असतो," तिथली मुलगी म्हणाली. "कॉईन कुणाची, ते टॅगवरून कळतं. तुम्ही टाकलेला टॅग दुसऱ्या कुणाचा तरी आहे. त्यांचं नाव मात्र आम्हाला सांगता येणार नाही."

तिने सांगायची गरजच नव्हती. मी दुकान बंद केलं.

घरी पोचतो तोच त्याचा फोन. बायकोने उचलला आणि आवाज मोठा केला.

"दादा, काय हो हे! तुम्ही ग्रुपवर सांगितलीत तेवढीच्या तेवढी कॉईन माझ्या खात्यात? अहो, जुन्या मशीनचे पैसे घेणार का मी तुमच्याकडून? थांबा, आत्ता परत पाठवतो."

नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. पण बायको माझ्याकडे बघत होती. "अगंबाई, तुम्ही पैसे दिलेत?" असं म्हणाली आणि तिचा चेहरा असा काही खुलला की तसा तो माझ्यामुळे कधी खुललेला मला आठवेना.

"राहू दे!" मी म्हणालो. "फुकटचं आम्ही काही घेत नाही."

"मानलं दादा तुम्हाला," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. काय सुख झालं म्हणून सांगू!

रविवारी मशीन आली. एका अंगाला पोचा आलेला. चालू केली तशी धडधडत पुढे सरकायला लागली. मी दोन्ही हातांनी ती धरून उभा राहिलो आणि बायकोने बहिणीला फोन लावला.

"अगं, अगदी नव्यासारखी आहे गं! आणि या वेळी यांनी पैसे मोजलेत हो." मग तिने तिकडची खबर ऐकून घेतली. फोन ठेवून माझ्याकडे वळली. "त्यांच्याकडेही नवी आली. तुमची कॉईन विकून घेतली म्हणे."

"कुठली घेतली?" मी मशीन धरूनच विचारलं.

"काचेच्या झाकणाची."