पाटावर निजलेली यंत्रं

"आज हात लावायचा नाही हां. वर्षभर राबलंय ते, निजू दे त्याला."

सरस्वतीपूजेला शिलाईचं मशीन पाटाजवळ मांडून आई असं बजावायची. आई गेली, पण कुंभकोणमच्या त्या घरात तिचा शब्द अजून चालायचा.

यंदा पूजेच्या सकाळी चैत्रा बाजारातून केळीची पानं घेऊन आली, तर आईच्या मशीनशेजारी तिचे चारही कॉम्प्युटर पाटावर. चंदन, कुंकू, वर मोगरा. पंख्यांची घरघर बंद.

"अप्पा! हे काय केलंत?"

"तुझी हत्यारंच ना ती?" शामसुंदर नैवेद्याच्या हरभऱ्यांना, सुंडलला, फोडणी देत म्हणाले. "आईचं मशीन निजलं, मग हीच का राबावीत?"

चैत्राच्या पुण्याच्या कंपनीचे सगळे बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम बांधून तयार करायची कामं, याच चौघांवर व्हायचे. काम आलं की त्यांच्यातल्या एका कंटेनरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या आभासी खोलीत, नवा कामकरी प्रोग्रॅम जन्मायचा, तेवढं काम उरकायचा आणि नाहीसा व्हायचा. "अय्यो, न जेवताच जातो?" अप्पांनी एकदा हळहळून विचारलं होतं.

"एकेक करून निजवलं असतंत तर उरलेल्यांनी काम ओढलं असतं," चैत्रा म्हणाली.

"एकाला जागं ठेवून बाकीच्यांनी निजायचं? हा कुठला न्याय ग?"

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून तिची वरिष्ठ कीर्ति. "कामं रांगेत उभी आहेत, घ्यायला कुणी नाही. संध्याकाळपर्यंत बिल्ड गेला नाही, तर यंत्रं इकडे आणू. मग तूही इकडेच ये."

अप्पांनी ऐकलं. महिनाभर तेच म्हणत होते, पुण्याला जा ग, तिथं रस्त्यावरही आपली मराठी. चैत्रा नुसती हसून विषय टाळायची.

आता तिचा हात मोगऱ्यापर्यंत गेला आणि थबकला. पूजा उठायची ती उद्या सकाळी, पुनःपूजा झाल्यावर; तोवर हत्याराला हात लावायचा नाही. ती पाटाशी बसून राहिली.

अप्पांनी गॅस बंद केला. हात धुऊन कापूर लावला, सुंडलचा नैवेद्य दाखवला आणि पूजा उठवताना सरकवतात तसं एकेक यंत्र बोटभर उत्तरेकडे सरकवलं.

"झाली पुनःपूजा. उठव त्यांना."

"उद्याची आज?"

"तुझ्या आईला मी सांगतो काय ते. तिचं मशीन मात्र निजू दे."

चैत्रानं फुलं उतरवली, वायरी जोडल्या. दिवे लुकलुकले. पडद्यावर एक कामकरी उठला, मग दुसरा, मग घोळकाच; तुंबलेली रांग भराभरा सरू लागली. ऊन अंगणातून सरायच्या आत बिल्ड गेला. कीर्तिचा निरोप आला: "सुटलो बाई! राहू देत तिथंच."

चैत्रानं मागं पाहिलं. अप्पा सुंडलची वाटी हातात घेऊन दारातच उभे होते. पंख्यांची घरघर ऐकत.

"बसा ना अप्पा."

ते बसले नाहीत.

"सकाळी यांचं बटण बंद केलं ना, तर घर एकदम गप्प झालं," ते म्हणाले. "तुझी आई गेली त्या दिवसासारखं. पुण्याला जा म्हणत होतो ना मी, ते सगळं खोटं ग. जाऊ नकोस."