सात नंबरची नखं

पंचांचं समाधान व्हावं म्हणून मी माझ्या धाकट्या बहिणीचा हात नेलकटरनं मनगटापर्यंत कापत आणला, आणि ते म्हणाले, अजून लांब आहे.

आशियाई वॉटर पोलो स्पर्धेतला आमचा कांस्यपदकाचा सामना सुरू व्हायला तेव्हा दहा मिनिटं होती. या खेळात पाण्याखाली ओरबाडणं फार चालतं, म्हणून उतरण्याआधी पंच प्रत्येकीच्या हातापायांच्या बोटांवरून अंगठा फिरवून बघतात. नख लागलं की बाहेर. भारताची कॅप्टन मी, आणि या बाबतीत मी कुणावर विसंबत नाही. सगळ्या संघाची नखं मीच कापते. मुली पाठीमागे मला हेडबाई म्हणतात. म्हणू देत.

माझ्या बहिणीचं, केतकीचं, घोडं नेमकं इथेच अडत होतं. आधीच्या प्रत्येक सामन्यात तिला नखांवरून परत बाकावर बसवलं होतं. संघातली एकुलती एक डावखुरी, आणि ती एकदाही पाण्यात न उतरता सांगलीला परत जाणार? आईला तोंड मला दाखवायचं होतं. आजचा हा शेवटचा सामना. काही झालं तरी तिला उतरवायचंच, असं मी ठरवलं होतं.

पंच कुठल्या देशाचे होते देव जाणे, पण बोलत होते थेट आमच्या सांगलीकडचं. त्यांनी तिच्या उजव्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि लांब आहेत म्हणाले. मी बघितलं, तर नखं नव्हतीच. सकाळीच मी ती पार मुळापर्यंत कापली होती. पण पंचांशी हुज्जत घालायची सोय नाही, म्हणून मी राग काढला तो केतकीवर. दरवेळी तुझंच कसं गं, असं म्हणत तिचं बोट ओढलं आणि नेलकटर दाबलं. बोटाचं पेर कट्कन सुटून फरशीवर पडलं. रक्त नाही, काही नाही. आत दुधीसारखं पांढरं. मी हबकलेच. केतकीनंही वाकून बघितलं.

"दुखत नाही गं अक्का," ती म्हणाली. "काप."

पाचही बोटं गेली. मग मनगट, मग कोपर. दरवेळी पंच उरलेल्या टोकावरून अंगठा फिरवायचे आणि मान हलवायचे. मग त्यांनी पाय तपासले, तेही लांब निघाले आणि गेले. तिला बाकावर टेकवून ठेवावं लागलं. बाकीच्या मुली एकेक करून पाण्यात उतरत होत्या, त्यांच्या हातांकडे पंच बघतही नव्हते. आमचे प्रशिक्षक बिस्वास सर लांबूनच घड्याळाकडे बोट दाखवून आटपा म्हणत होते. कुणालाच काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. हात मात्र रोजच्या सवयीनं सफाईदार चालला होता. कुठे टोक राहू देत नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

डाव्या हाताची पाळी आली तेव्हा केतकीनं तो मागे घेतला.

"हा ठेव ना. यानंच मारते मी."

मी पंचांकडे बघितलं. ते शिट्टी तोंडात धरून थांबले होते.

"खेळायचंय ना तुला?" मी म्हणाले.

तिनं डावी मूठ एकदा वळली, उघडली. मग तिनं हात पुढे केला.

शेवटी केतकीची सात नंबरची पोहायची टोपी तेवढी उरली. पंचांनी ती दोन बोटांनी उचलली, तिच्या काठावरून अंगठा फिरवला आणि आता बरोबर आहे म्हणाले. त्यांनी ती अलगद पाण्यावर सोडली. फलकावर नाव लागलं, के. चौगुले. बिस्वास सरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि पाण्यात उडी मारली.

शिट्टी झाली. सगळ्यांच्या आधी मध्यावर पोचून मी बॉल घेतला. उजवा कोपरा पूर्ण मोकळा होता. तिथे टोपी पाण्यावर हळूहळू फिरत होती.

"अक्का, दे की," टोपीतून केतकी म्हणाली. "माझ्यावर कुणीच नाहीये."

समोरच्या दोघी माझ्या अंगावर येत होत्या. मी बॉल उचलला आणि तिला पास द्यायला हात मागे नेला.